काजळी कुठे जाते

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. अर्धं सामान अजून खोक्यांत आहे, पण चहाचं पातेलं, बाबांची उशी आणि ही वही सापडली, तेव्हा घर लागलं असं मानायला हरकत नाही.

क्वार्टर केंद्राच्या आवारातच आहे, तळमजल्यावर. दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, आणि स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी की बाबा म्हणाले, यातून बस वळेल. आयुष्यभर शहर बस चालवलेल्या माणसाला दुसरं माप सुचत नाही. आतली उन्हाची खोली त्यांना दिली. त्यांनी लगेच पलंग खिडकीशी ओढायला लावला, आणि मी तो एकटीने ओढला म्हणून वर शाबासकीही दिली.

परवा हवा-संशोधन केंद्रात रुजू व्हायचं आहे. मी नेमकं काय करते हे नातेवाइकांना सांगून सांगून थकले, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. शहराच्या हवेत तरंगणारे बारीक कण पकडायचे, ते कशाकशाचे बनलेत ते तपासायचं आणि त्यावरून ते आले कुठून ते सांगायचं. वीटभट्टीची काजळी वेगळी, ट्रकच्या धुराची वेगळी, जळलेल्या कचऱ्याची तर लांबूनच ओळखू येते. दादा म्हणतो, तू धुळीची कुंडली मांडतेस. मांडते बुवा.

मुलाखतीत शेवटी त्यांनी विचारलं, बरोबर कोण येणार. वडील म्हटल्यावर त्यांचं वय, छाती, दम लागतो का, सगळं आस्थेने विचारून घेतलं. हल्ली एवढं कोण विचारतं?

५ नोव्हेंबर

पहिला दिवस छान गेला. केंद्रप्रमुखांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतात. किडकिडीत, हळू बोलणारे गृहस्थ. स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. ते स्वतः मला गच्चीवर घेऊन गेले. कण पकडायचं यंत्र तिथे आहे. पंप हवा ओढतो आणि कण एका गोल पांढऱ्या कागदावर अडकतात.

गच्चीवरून सगळं शहर दिसतं. वीजकेंद्राच्या दोन चिमण्या, नदीपलीकडे वीटभट्ट्या, त्यांच्या अलीकडे ट्रकची न संपणारी रांग. हिवाळा तोंडावर आलेला. मनात म्हटलं, इथे कामाला तोटा नाही.

मग त्यांनी कालचा कागद डबीतून काढला. माझ्या आधीच्या गावात असा कागद तव्याच्या बुडासारखा काळा निघायचा. हा जेमतेम मळलेला होता, शाळकरी पोराच्या कॉलरइतका. मी म्हटलं, पंप बंद पडला असेल. साहेब म्हणाले, नाही, आमच्याकडे वारा चांगला असतो.

वारा नव्हता. चिमण्यांचा धूर दोरी ओढल्यासारखा सरळ वर चालला होता.

९ नोव्हेंबर

लोक फार चांगले आहेत. समोरच्या क्वार्टरमधल्या वहिनी (त्यांचे यजमान केंद्राची गाडी चालवतात) पहिल्या दिवसापासून हवं-नको बघतात. त्यांना दिवस गेलेत, सातवा सरत आलाय, तरी जिना उतरून येतात. मी त्यांना दटावते, त्या हसतात.

आज मात्र एक गोष्ट खटकली. वहिनींनी आल्या आल्या विचारलं, बाबांचा श्वास कसा आहे. किराणावाल्यानेही परवा तेच विचारलं. बाबांचे केस कापायला गेलो तर न्हाव्यानेही कात्री थांबवून तेच. झोप कशी, भूक कशी असं कोणी विचारत नाही. श्वास. आणि बाबा ‘उत्तम’ म्हणाले की सगळ्यांचे खांदे सैल पडतात.

बाबांना याचं काही वाटत नाही. ते म्हणतात, आयुष्यभर धूर खाल्ला, आता कुठे कोणी चौकशी करतंय तर करू दे.

त्यांचा खोकला इथे आल्यापासून खरंच थांबलाय.

१४ नोव्हेंबर

हिशेब जुळत नाही.

शहर रोज हवेत किती काजळी सोडतं याचा अंदाज काढता येतो. किती कोळसा जळला, किती ट्रक गेले, किती भट्ट्या पेटल्या. वाऱ्याने किती वाहून नेली, किती खाली बसली तेही काढता येतं. बाकी उरते ती हवेत सापडायला हवी. इथे सापडत नाही. थोडीथोडकी नाही, जवळजवळ सगळीच गायब.

साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद न बघताच घडी घातली आणि म्हणाले, अंदाजच आहेत ते मॅडम, मनावर घेऊ नका.

मला वाटतं, कोणीतरी कागद बदलतंय. वीजकेंद्राकडून कोणाला काही मिळत असेल. उद्यापासून गच्चीवरच्या डबीला माझं कुलूप.

१७ नोव्हेंबर

कुलूप लावूनही कागद स्वच्छच.

माझं स्वतःचं हातातलं यंत्र काढलं. त्याला फसवणं कोणाला शक्य नाही, ते माझ्या पर्समध्येच असतं. तेही तेच सांगतं. म्हणजे मी साहेबांवर उगीच संशय घेतला. आकडे खरे आहेत, हवा खरंच स्वच्छ आहे. आणि चिमण्याही खरंच धूर ओकताहेत.

मग काजळी जाते कुठे?

२० नोव्हेंबर

सुटीचा दिवस. यंत्र घेऊन शहरभर चालले. वीटभट्ट्यांपाशी आकडा बराच होता, जसा असायला हवा. पूल ओलांडला, उतरला. बाजारात वाढायला हवा होता, आणखी उतरला. केंद्राच्या फाटकाशी त्याहून कमी. वेगवेगळ्या रस्त्यांनी पुन्हा पुन्हा गेले. कुठूनही निघा, आमच्या आवाराकडे याल तसा आकडा उतरत जातो.

ज्या जागी कण नाहीसे होतात तिथली हवा सगळ्यात स्वच्छ असते. मोरीच्या तोंडाशी फरशी धुतलेली असावी, तशी. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलंय.

परतताना वहिनी दारात उभ्या होत्या. माझ्या हातातलं यंत्र बघून त्यांचा चेहरा उतरला. आत गेल्या, कडी लावली. एरवी त्या कडी लावत नाहीत.

२२ नोव्हेंबर

घरात मोजलं. लिहू की नको असं झालंय.

दाराशी कमी. स्वयंपाकघरात, गॅस चालू असताना, त्याहून कमी. बाबांच्या खोलीत जवळपास काही नाही. ते दुपारचे झोपले होते. यंत्र उशीपाशी नेलं.

शून्य.

मी यंत्र आपटलं, बंद करून पुन्हा लावलं. त्यांच्या नाकाशी धरलं. श्वास आत, श्वास बाहेर. बाहेर येणाऱ्या श्वासात एकही कण नाही. जिवंत माणसाचा श्वास असा नसतो. कोणाचाच नसतो.

बाबा डोळे उघडून म्हणाले, काय ग, माझं पीयूसी काढतेस का? मी हसले. हसावंच लागलं.

२५ नोव्हेंबर

बाबा कमी जेवतात. अर्धी पोळी, तीही माझ्यासाठी. तरी जड होताहेत.

आधी वाटलं भास. आज अंघोळीला उठवताना माझ्याने ते हललेसुद्धा नाहीत. दिसायला तेच आहेत, उलट गाल बसलेत. पलंगाची फळी मधोमध तडकली. पावलांखाली फरशीचा एक तुकडा खचलाय.

डॉक्टरांकडे नेलं. वहिनींच्या यजमानांनी गाडी काढली, बाबा बसले तशी ती एका बाजूला कलली. ते आरशात बघत राहिले, माझ्याकडे नाही. डॉक्टर म्हणाले, वजनकाटा बिघडलाय. छातीचा फोटो काढला तर म्हणाले, फिल्म खराब निघाली. मी ती मागितली. टाकून दिली म्हणाले.

मी टेबलाखालच्या टोपलीत पाहिलं. तिथेच होती. फासळ्या दिसत नव्हत्या. छातीच्या जागी सगळं भरीव, सिमेंट ओतल्यासारखं.

डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, त्यांना दुखत नाही ना, मग झालं.

२६ नोव्हेंबर

माझ्या आधीचे रसायनतज्ज्ञ इथे आईला घेऊन राहत होते. याच क्वार्टरमध्ये, उन्हाच्या खोलीत. किराणावाल्याच्या तोंडून निसटलं. मग तो सुट्टे पैसे शोधण्यात दंग झाला.

मला कोणी सांगितलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सरळ विचारलं. मला वाटलं होतं ते उडवाउडवी करतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जसं बोलले तसंच लिहिते.

“आम्ही काहीही करत नाही मॅडम. ते आपलं माणूस आपण शोधतं. एक कोणीतरी असतं, आणि सगळं त्याच्यात जातं. का, ते मला वीस वर्षांत कळलं नाही. आम्ही फक्त एवढंच बघतो की तो माणूस इथला नसावा.”

मी विचारलं, म्हणून मुलाखतीत छातीची चौकशी? ते म्हणाले, दम्याचा माणूस लवकर धरला जातो.

आधी इथे राहिलेल्या त्या आजींचं काय झालं, विचारलं. म्हणाले, इथेच, झोपेत गेल्या, शांतपणे. उचलायला गल्लीतले सगळे पुरुष लागले. त्यानंतर तुमची नेमणूक होईपर्यंत शहरावर जे उतरलं ते तुम्ही पाहिलेलं नाही, दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं झोपवली होती. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मला किळस आली, आणि त्याहून वाईट म्हणजे, मला ते खरं वाटलं.

मी म्हटलं, मी बाबांना घेऊन जाते.

“न्या की. कोणी अडवणार नाही. बाहेर नेल्यावर काय होतं ते मात्र आम्हाला माहीत नाही. आजवर कोणी नेलं नाही.”

असं म्हणताना त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खोटं बोलताना माणूस हाताला काहीतरी काम देतो.

३० नोव्हेंबर

बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं हसतील. त्यांनी विचारलं, कोणाकोणाचा धूर आहे यात? मी म्हटलं, सगळ्यांचा. म्हणाले, समोरच्या पोरीचं बाळ कधी व्हायचंय?

मी तिथून उठले. मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं.

दादाला फोन केला. तो म्हणतो, तुला विश्रांतीची गरज आहे. बाबांना दे फोन. बाबांनी त्याला सांगितलं, हिला बरं वाटत नाहीये, तू काळजी करू नकोस.

बाबासुद्धा?

२ डिसेंबर

ठरलं. उद्या निघायचं. केंद्राच्या फिरत्या गाडीची किल्ली माझ्याकडेच असते, ती मोजणीची गाडी, भक्कम आहे, बाबांचं वजन पेलेल. मागे बाक आहे, त्याच्यावर गादी टाकली.

वहिनी आल्या. आता पोट पुढे घेऊन भिंत धरत चालतात. मी म्हटलं, अडवायला आलात का? त्यांनी मान हलवली.

“नाही ताई. दोन वर्षांपूर्वी एक गेलं, गेल्या वर्षी एक गेलं. दोन्ही वेळा त्याच हवेने. या वेळी तुम्ही आलात आणि हे टिकलं. मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. फक्त काकांच्या पाया पडून जाते.”

मी त्यांना आत जाऊ दिलं. दारातून बघत होते. हात लावतात का, काही देतात का, काही करतात का. त्यांनी फक्त नमस्कार केला. बाबांनी आशीर्वाद दिला, नेहमीचा, सुखी राहा.

रडू आलं म्हणून राग आला. हेही ठरवून केलेलं असेल. मला इथे आता कोणाचंच काही सरळ वाटत नाही.

३ डिसेंबर

निघालो. बाबांना गाडीत चढवायला गल्ली गोळा झाली. न बोलावता. कोणी शिवी दिली नाही, कोणी डोळ्याला डोळा दिला नाही. उचललं, ठेवलं, दार हळूच लावलं, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं. न्हाव्याने तोंडाला रुमाल बांधलेला होता. आधीच.

बाबा मागून सांगत होते, गिअर ओढू नकोस, क्लच सोड हळू. पुलापर्यंत हे चाललं.

पुलावर गाडीतल्या यंत्राचा आकडा उसळला. आरशात पाहिलं. शहर दिसेनासं होत होतं. चिमण्यांचा धूर सरळ वर जायचा थांबला होता, तो खाली वाकला होता, घरांवर. भर सकाळी लोकांच्या खिडक्यांत दिवे लागले.

मी गाडी थांबवली नाही. वहिनींचा विचार आला आणि थांबवली नाही. हे लिहिलंच पाहिजे.

हायवेवरच्या एका लॉजमध्ये आहोत. खोली तळमजल्यावर. लॉजवाल्याने आणि त्याच्या माणसांनी मिळून बाबांना उतरवलं. बाबा हलके वाटले. जरासे. मला इतका आनंद झाला की—

झोपते. उद्या दादाकडे.

४ डिसेंबर

बाबा खोकले. त्या शहरात गेल्यापासूनचा पहिला खोकला. उशीवर काळं. शाईच्या ठिपक्याएवढं. पुसलं.

अजून हलके झाले. मी एकटीने उठवून बसवलं त्यांना. म्हणाले, भूक लागली. पोळी पूर्ण खाल्ली.

बाहेर पडतंय सगळं, म्हणजे बरे होणार. शरीर टाकतंय. साधी गोष्ट आहे.

दुपार

श्वासातून येतंय आता. खोकला नाही, नुसता श्वास. तोंडातून बारीक काळी रेघ, चिमणीची असते तशी. भिंत पलंगाच्या वर काळवंडली.

वास ओळखते मी. वीटभट्टी. डिझेल. त्यात जळकं प्लास्टिक. वीजकेंद्राचा गंधक, घशाशी चरचरणारा. सगळे आहेत. नुसते या हिवाळ्याचे नाहीत, मी आल्यानंतरचा हिशेब इतका मोठा असूच शकत नाही. कोळशाचा जुना वास आहे, रेल्वेचा, तसली इंजिनं कधीच बंद झाली—

म्हणजे आजींमधलं. त्यांच्या आधीच्यांमधलंही.

खिडक्या उघडल्या. शेजारच्या खोलीतले लोक खोकताहेत. लॉजवाला दार वाजवून विचारतो, आत काय जाळताय.

साहेबांचा फोन. आवाज घोगरा, मागे कोणीतरी सतत खोकतंय. म्हणाले, मी खोटं बोललो. आधीच्याने आईला नेलं होतं. हायवेवर गाडी सापडली, काचा आतून काळ्या. दोघंही आत. परत आणा मॅडम, पूल ओलांडलात की थांबतं. हात जोडतो.

मी विचारलं, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?

फोन कट झाला. की त्यांनी ठेवला.

वहिनींना लावला. कोणी उचलत नाही.

थोड्या वेळाने

लॉज रिकामं होतंय. गाड्या सुरू होण्याचे आवाज, दिसत नाही काही. दुपार आहे पण दिवा लावलाय. त्याच्याभोवती हातभर पिवळं, पुढे काही नाही.

परत नेलं तर तो पलंग. कायमचा. इथे ठेवलं तर— आणि साहेब खोटं बोलत असतील तर? बाबा हलके होताहेत, हे तर खरं ना. हातावर उचलता येतील आता, लहान मुलासारखे. मला कोणीतरी एकच खरी गोष्ट सांगा.

बाबांना विचारलं. परत जायचं का? त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, अंधारात कळलं नाही. बोलायला तोंड उघडलं तर नुसतं काळं आलं, शब्द नाही.

ओला टॉवेल तोंडाला. दुसरा त्यांच्या—

नको, त्यांचं तोंड कसं बांधू.

गाडीची किल्ली सापडली. दार कुठे ते भिंत चाचपत बघते. आधी त्यांना घेते.

छातीवर हात ठेवला त्यांच्या. मघापासून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, आत्ता कळलं. छाती वर येत नाहीये. बाबा श्वास आत घेतच नाहीत. फक्त सोडताहेत. किती वेळ झाला मला—

माझा हात धरलाय त्यांनी. घट्ट. गार आहे. मी विचारलं बाबा तुम्हीच ना, आणि हात